निवांत, दहा पंचावन्न ते अकरा वीस

मुलगा पाच वर्षांचा होता. एका पायात बूट होता, दुसऱ्या पायातला त्याने हातात धरला होता. शुक्रवारी दुपारी सव्वातीनच्या सुमारास, मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर, सरकत्या जिन्यापाशी तो सफाईवालीला सापडला आणि तिने त्याला खाली माहिती काउंटरवर आणून सोडलं. काउंटरवर बसणाऱ्या बाईला यात नवीन काहीच नव्हतं. नऊ वर्षं ती याच स्टुलावर बसून माइकवर बोलत होती. चुकीच्या जागी लावलेल्या गाड्यांचे नंबर, सापडलेल्या किल्ल्या, मॉल बंद व्हायची वेळ, आणि आठवड्याला पाच-सहा तरी हरवलेली पोरं. पोरांसाठी छापील फॉर्म होता. वय, उंची, केस, अंगात काय, पायात काय. नाव लिहून घ्यायचं, पण माइकवर उच्चारायचं नाही. नाव कानावर पडलं की कुणीही येऊन लाडाने हाक मारू शकतं. म्हणून घोषणेत ती फक्त रंग सांगायची. फॉर्मच्या तळाशी एक ओळ होती, सोबतच्या व्यक्तीचे वर्णन. "तुझी आई कशी दिसते रे राजा?" तिने नेहमीच्या आवाजात विचारलं. पोरं बहुतेक सांगतात, उंच आहे, किंवा छान आहे, किंवा तिच्याकडे लाल पर्स आहे. हा मुलगा विचारात पडला. बूट त्याने या हातातून त्या हातात घेतला आणि म्हणाला, "ती घाबरलेली असते."

शेजारी सुरक्षारक्षकांचा प्रमुख उभा होता, ज्याला सगळे कॅप्टन म्हणत. तो पोट धरून हसला. "मग काय, काम सोपं झालं! आता जी घाबरीघुबरी धावत येईल ती याची आई."

"आत्ता नाही," मुलगा म्हणाला. त्याला ते हसणं आवडलं नव्हतं. "नेहमी."

आई चार मिनिटांत आली. काउंटरवरच्या बाईच्याच वयाची, पिशवी खांद्यावरून आडवी घातलेली, केस मानेवर घट्ट आवळलेले, चेहरा पांढराफटक. आल्या आल्या तिने मुलाला जवळ घेतलं नाही. आधी त्याचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले, कानामागे पाहिलं, गुडघे चाचपले, भांडं घेताना त्याला कुठे पोचा आहे का बघतात तसे, आणि मगच त्याला छातीशी धरून रडायला लागली. मुलगा तिच्या खांद्यावरून काउंटरकडे बघत होता. बघा, सांगितलं होतं ना, असं काहीसं त्याच्या डोळ्यांत होतं. फॉर्मवर सही झाली, 'होतं असं, काळजी करू नका' हे वाक्यही बोलून झालं. पण वर्णनाची ओळ कोरीच राहिली होती, आणि तो कागद फाइलला लावताना काउंटरवरच्या बाईने ती पुन्हा एकदा वाचली. पट्टा आखूड करून आडवी घालायची पिशवी तिच्याही स्टुलाखाली होती. गुडघे चाचपायची रीत तर हुबेहूब तिचीच. आपल्या पोरांना उद्या कुणी विचारलं तर काय सांगतील ती? हा प्रश्न तिने बसच्या रांगेत उभं राहून स्वतःला विचारला, आणि उत्तर येऊ नये म्हणून लगेच पुढच्या माणसाच्या शर्टाचा रंग मनात म्हणून टाकला. फिकट हिरवा, उभ्या रेघा, कोपराला शाईचा डाग. ही तिची सवयच झाली होती. मन थाऱ्यावर नसलं की ती समोर दिसेल त्याचं वर्णन करायची, जणू तो माणूसच हरवला आहे.

घरी दोन मुलं होती. धाकटा चार वर्षांचा, अंगाने एवढासा, म्हणून टिल्ल्या. मोठी सात वर्षांची, तिला सगळे आजीबाई म्हणत, कारण बोलायला लागल्यापासून तिच्या तोंडी 'जपून हं' असे. त्याचं घरात केवढं कौतुक झालं होतं! पाहुण्यांसमोर तिला मुद्दाम म्हणायला लावायचे. त्या संध्याकाळी जेवताना आईने पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. टिल्ल्याचा पेला टेबलाच्या कडेला होता. आजीबाईने स्वतःचा घास तसाच हातात ठेवून तो पेला आत सरकवला, मग त्याचा चमचा सरकवला, मग त्याची खुर्ची गुडघ्याने टेबलाकडे ढकलली आणि म्हणाली, "पडला असतास ना आत्ता." हे सगळं न चुकता, न बघता, वर्षानुवर्षं घर सांभाळलेल्या बाईसारखं. आणि मग तिने एक गोष्ट केली जी आई रोज बघत असणार पण दिसली आजच. तिने मान वळवून आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पेला सरकवल्यावर आईचं कपाळ मोकळं झालं की नाही, हे तपासलं. मागच्या महिन्यात शाळेच्या सहलीहून परतल्यावर वर्गाच्या बाई म्हणाल्या होत्या, "हुशार आहे हो तुमची मुलगी, एकदम जबाबदार. सगळी मुलं मोजत होती. पण खेळली नाही." शेवटचं वाक्य आईने तेव्हा कौतुकाच्या शेपटीसारखं ऐकून सोडून दिलं होतं. आता ते एकटंच कानात वाजायला लागलं. खेळली नाही. सात वर्षांची पोर, समोर एवढं मोठं मैदान, आणि खेळली नाही. हे आपण केलं आहे, तिला वाटलं, आणि तो विचार इतका स्वच्छ होता की त्याला बाजूला सारायला तिच्याकडे काही निमित्तच उरलं नाही.

"रविवारी मी दोघांना घेऊन बाहेर जाते," ती नवऱ्याला म्हणाली. "बागेत. निवांत. काही करायचं नाही, कुठे पोचायचं नाही, नुसतं भटकायचं." नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. रविवारी ऑफिसं रिकामी असतात, त्यामुळे त्याची कामं नेमकी रविवारीच निघत. त्याने चेहरा गंभीर ठेवून विचारलं, "तू? निवांत?" आणि मग तिच्या चेहऱ्याकडे बघून मान डोलावली. नवरा भला माणूस होता. वर अडकलेल्या लिफ्टमध्ये माणसं किंचाळत असताना हा खाली चहा पीत पीत 'येतो येतो' म्हणू शकायचा, आणि त्याचा तिला हेवाही वाटायचा आणि संतापही यायचा. माणसाला भीती वाटत नाही म्हणजे त्याच्या आत काहीतरी कमी असतं, असं तिचं जुनं मत होतं. इतकं जुनं की ते मत आहे हेच ती विसरून गेली होती.

शनिवारी दुपारी काउंटरवर गर्दी कमी होती. तिने एक कोरा फॉर्म उलटा केला आणि पाठीमागे रविवार लिहायला घेतला. नऊ चाळीसची बस. दोन केळी, उकडलेली अंडी, पाण्याच्या दोन बाटल्या, चिकटपट्ट्या, सुटे कपडे. बागेचा नकाशा तिने आठवून काढला. तळं, घसरगुंडी, बाकांची रांग. दरवाजे किती ते आठवेना, म्हणून बागेच्या कार्यालयात फोन लावला. पलीकडच्या कारकुनाने विचारलं, कशासाठी हवंय? ती म्हणाली, मुलांना घेऊन यायचंय. "मग बाई, यायला एक पुरतो की," तो म्हणाला. तिला हसू आलं, पण तिने पुन्हा विचारलं. चार, तो म्हणाला, पण मागचा रविवारी बंद असतो. बंद म्हणजे कुलूप लावून की नुसता लोटून? कारकुनाने फोन ठेवून दिला. तिने कागदावर चार लिहिलं आणि मागच्या दरवाज्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. प्रश्नचिन्ह काढताना तिला ते मैदान आठवलं. तिला ते आठवायचं नव्हतं, पण हात मोकळा आणि कान माइकच्या बारीक खरखरीला लागलेले असले की ते नेमकं येतं. ती सहा वर्षांची होती, प्रदर्शनाचं मैदान होतं, पायाखाली लाकडाचा भुसा, डोक्यावर खरखरणारे कर्णे, आणि बरोबर आई, मावशी, चार भावंडं. कुठल्याशा मंडपात ती शिलाई मशीन चालताना बघत राहिली आणि मान वर केली तर कुणी नाही. एका पोलिसाने तिला तंबूत नेऊन बसवलं. ती रडली नाही. आईचा चेहरा आता कसा झाला असेल याचा ती विचार करत बसली. आई धावत येईल, केस सुटलेले असतील, तिला कडकडून धरेल. या चित्रात तिला सुखसुद्धा होत होतं. दोन तास गेले. मग आई आली, चालत आली, हातात मावशीने घेतलेली नवी चाळण. म्हणाली, "इथे होय तू? मला वाटलं, मावशीबरोबर आहेस. चल, बस चुकेल." एवढंच. आईला ठाऊकच नव्हतं. दोन तास ती हरवलेली होती आणि आईच्या लेखी ती कुठेच गेलेली नव्हती. बसमध्ये आई मावशीशी चाळणीच्या भोकांबद्दल बोलत होती आणि तिने खिडकीच्या गजावर कपाळ टेकवून ठरवलं होतं, नक्की काय ते शब्दांत नाही, पण ठरवलं होतं. आपल्या पोरांवर ही वेळ येणार नाही. ती जिथे असतील तिथे आपला जीव त्यांच्या मागे मागे टांगलेला असेल, आणि तो त्यांना दिसेल. आता तीस वर्षांनी, उलट्या फॉर्मवर पेन टेकवून, तिला कळलं की आपण दिलेला शब्द पाळला आहे. दिसतोय तो टांगलेला जीव. पोरीला तर तो सोडून दुसरं काही दिसतच नाही.

संध्याकाळी नवऱ्याने कागद वाचला. वाचता वाचता त्याच्या भुवया वर गेल्या. "दहा वीस, तळं. दहा पंचावन्न ते अकरा वीस, निवांत. अगं, पंचवीस मिनिटं निवांत बसायचं म्हणजे शिक्षाच की! आणि अकरा एकवीसला काय, शिट्टी वाजणार?" ती हसली, खरोखर हसली, आणि वेळा खोडायला लागली. एकेक वेळ खोडताना तिच्या मानेमागची शीर ताणली जात होती. शेवटी कागदावर नुसती खाडाखोड उरली आणि मध्ये 'निवांत' हा एकच शब्द, तो पाहून तिचं धाबं दणाणलं. त्या शब्दाच्या आजूबाजूला काहीच नव्हतं. न राहवून तिने त्यापुढे दहा पंचावन्न ते अकरा वीस पुन्हा लिहिलं, बारीक अक्षरांत. मग कपड्यांकडे वळली. कपड्यांच्या बाबतीत तिला कुणाचं ऐकायचं नव्हतं. तिथे तिचा नऊ वर्षांचा अनुभव होता. निळा नको, रविवारी निम्मी पोरं निळ्यात असतात. पांढरा नको, लांबून राखाडी दिसतो. फुलाफुलांचं तर मुळीच नको, घोषणेत सांगता येत नाही. दोघांनाही केशरी. भडक, एकरंगी, शंभर पावलांवरून दिसेल असं. आजीबाई दारात उभी राहून बघत होती. "गर्दी असणारे का?" तिने विचारलं. "नाही गं, छान मोकळं असेल." "मग केशरी कशाला?" आईने शर्टांच्या घड्या घातल्या. "मी धरीन टिल्ल्याचा हात," आजीबाई म्हणाली, "तू नको काळजी करू." आणि आईचं कपाळ तपासून निघून गेली.

रविवारी बस वेळेवर आली, टिल्ल्याने खिडकीची काच चाटली, कुणी काही बोललं नाही. सगळं कसं सुरळीत. बागेच्या दरवाज्यातून आत पाय टाकला आणि ती जागीच थबकली. हिरवळीवर शेकडो मुलं बसली होती, आणि त्यातलं प्रत्येक पोर केशरी होतं. रंग विकणाऱ्या कुठल्याशा कंपनीने चित्रकलेची स्पर्धा ठेवली होती आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाला फुकट केशरी शर्ट वाटला होता. डोक्यांचे ठिपके, केशरी पाठी, केशरी पाठी, केशरी पाठी. केशरी शर्ट, वय चार ते सात, तिच्या डोक्यात तिचाच आवाज घुमला, घोषणेआधीच्या घंटेच्या दोन ठोक्यांसकट, आणि तिला दिसलं की ही घोषणा ऐकून अख्खी बाग उठून उभी राहील. परत जावं? बस बाराला होती. टिल्ल्या मात्र खूश झाला. "आई, सगळे आपलेच!" तो ओरडला. आजीबाईने त्याच्या मनगटाभोवती बोटं आवळली, इतकी की तो कळवळला. आजीबाईचा दुसरा हात आईच्या हातात होता, घामेजलेला, थंड. कुणाचा घाम ते कळत नव्हतं.

तळं बघून झालं. बदकं होती, ती बघितली. आता दहा पंचावन्न झाले. तिने एका मोठ्या झाडाखालचा बाक धरला, पिशवी मांडीवर घेतली आणि निवांत बसली. म्हणजे पाठ टेकली, पाय लांब केले, चेहरा सैल सोडला, फोटोसाठी करतात तसा. "जा, खेळा," ती म्हणाली. टिल्ल्या वाळूकडे पळाला. आजीबाई तिच्या शेजारीच बाकावर बसली, पिशवीच्या पट्ट्याला धरून. "तू पण जा ना." "नको. मी इथून बघते त्याला. तू तिकडे बघ, तळ्याच्या बाजूला, मी इकडे बघते." हे तिने इतक्या समजूतदारपणे सांगितलं की आईला रडू कोसळणार असं वाटलं. समोर एक मुलगी, सात-आठ वर्षांचीच, दोन्ही हात सोडून घसरगुंडीवरून किंचाळत खाली आली आणि आपटली आणि हसली. आजीबाई तिच्याकडे टक लावून बघत होती. त्या बघण्यात भीती नव्हती. भूक होती. काचेपलीकडचं बघावं तसं ती बघत होती, आणि काच कुणी लावली हे आईला ठाऊक होतं. पंचवीस मिनिटांतली नऊ गेली. असंच बसून राहिलं तर उरलेली सोळाही जातील, बस येईल, आणि आणखी एका रविवारी ही पोर खेळली नाही असं होईल; मग पुढच्या, मग कायमचंच.

"लपाछपी खेळू या," ती एकदम म्हणाली. आपण काय बोललो हे तिच्या कानांना नंतर कळलं. टिल्ल्या वाळूतून उड्या मारत आला. आजीबाईने आधी आईकडे, मग त्या केशरी गर्दीकडे, मग पुन्हा आईकडे पाहिलं. "राज्य कोणावर?" तिने हळूच विचारलं. "माझ्यावर. पन्नासपर्यंत. या झाडापासून त्या कारंज्यापर्यंत कुठेही लपा." "डोळे मिटून?" "डोळे मिटून." "पण आई, तू डोळे मिटलेस तर..." आईने पिशवी काढून बाकावर ठेवली. मान एकदम हलकी आणि उघडी पडल्यासारखी वाटली. झाडाच्या खोडावर दोन्ही हात ठेवून तिने त्यावर कपाळ टेकवलं आणि डोळे मिटले. "जोरात मोज," टिल्ल्या बजावून पळाला.

एक. दोन. झाडाची साल कपाळाला टोचत होती, तिला मुंग्यांचा आंबूस वास होता. मिटलेल्या पापण्यांमागे सगळं केशरीच दिसत होतं. सात. आठ. मागून शेकडो मुलांचा कालवा येत होता आणि त्यातून तिचे कान दोन आवाज निवडायची धडपड करत होते. चौदाला गाडीचा ब्रेक कचकन वाजला, रस्त्यावर, बागेबाहेर, बाहेरच. मागचा दरवाजा. कुलूप की नुसता लोटलेला? अठरा. तिला वाटलं, एकदाच, एका डोळ्याची फट करून. एकोणीस. नऊ वर्षांत किती आयांनी तिला सांगितलं होतं, मी फक्त एक मिनिट वळले हो, फक्त एकच मिनिट, आणि तिने मान हलवत मनात प्रत्येकीला फटकारलं होतं. तीस. हृदय इतकं वाजत होतं की आकडे त्याच्या ठोक्यांत अडकत होते. एकेचाळीस. सत्तेचाळीस. पन्नास म्हणून ती गर्रकन वळली, आणि आजीबाईला धडकली.

पोरगी तिच्या मागेच उभी होती. हातभरावरही नाही. एक हात आईच्या पाठीवरच्या शर्टाला टेकलेला, अगदी अलगद. कारंज्याजवळ कचऱ्याच्या डब्यामागे टिल्ल्याचं अख्खं ढुंगण बाहेर दिसत होतं. "तू लपली नाहीस?" आईने विचारलं.

"टिल्ल्या डब्यामागे गेलाय, मी बघितलं," आजीबाई म्हणाली. "पण मी पण गेले असते तर तुला पन्नासपर्यंत भीती वाटली असती."

आई खाली बसली. त्या छोट्या तोंडासमोर तिचं तोंड आलं, आणि पोरीचे डोळे लगेच तिच्या कपाळावर गेले, हिशेब लावायला. या डोळ्यांशी खोटं बोलायचं नाही, आईने ठरवलं. "वाटलीच असती," ती म्हणाली. "आत्ताही वाटतेय. ती माझी मी सांभाळीन. ते तुझं काम नाही गं." पोरगी ऐकत राहिली. तिला हे पटलं की नाही ते चेहऱ्यावरून कळेना. मग आईला सुचलं. "माझ्या पाठीला हात कुणी लावला?"

"मी."

"मग धप्पा झाला की! राज्य परत माझ्यावर."

"पण मी खेळतच नव्हते."

"धप्पा तो धप्पा. नियम म्हणजे नियम." आजीबाईला नियम आवडत. तिच्या ओठाचा एक कोपरा हलला, आणि ती तो दाबून उभी राहिली. तिकडून टिल्ल्या डब्यामागूनच ओरडला, "मला शोधत का नाही कुणी?" "तिथेच थांब, परत मोजतेय!" आई ओरडली. ती उठली, झाडाकडे वळली, कपाळ टेकवलं, डोळे मिटले. एक. मागे काहीच हललं नाही. पाच. पाठीवर तो हात अजून असेल असं तिला वाटत होतं. तो असावा असंही वाटत होतं, आणि त्या वाटण्याची तिला लाज वाटली. नऊ. दहा. शर्ट पाठीला चिकटला होता. तेरा. जा गं, ती मनात म्हणत होती, जा ना गं पोरी, आणि मोठ्याने फक्त आकडे. सतराला वाळूवर एक पाऊल वाजलं. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरं. मग तिच्या आयुष्यभराच्या सगळ्या भीतीने तिला एकदम मानगुटीला धरलं, कारण पावलं पळायला लागली होती, तिच्यापासून लांब, जोरात, त्या सगळ्या केशरी कालव्यात, आणि पळता पळता पोरगी हसत होती. बावीस, आई म्हणाली. तिने डोळे आणखी घट्ट मिटले आणि तेवीस म्हणाली.